फोटोखालची ती एक ओळ कापू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत वाचकांचे परदेशातले फोटो येतात ते मी इकडे मेलबर्नला बसून मोबाईलवर न चुकता बघते. ऑस्ट्रेलियाचा फोटो असला की बहुतेकदा ऑपेरा हाऊस नाहीतर कांगारू, आणि जरा वेगळा आलाच तर खाली नुसतं 'ऑस्ट्रेलियातील निसर्ग'. अहो हा अख्खा खंड आहे, पर्थहून सिडनीला विमानाने चारेक तास लागतात, त्यात कुठला निसर्ग आणि कुठल्या महिन्यातला हे कळायला नको का?

हे मी स्वतः चुकून शिकलेय म्हणून लिहितेय. इथून दीडेक तासावर बॅलरॅट आहे, 1851 मध्ये तिथे सोनं सापडलं म्हणून प्रसिद्ध. एका मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो होतो, गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाली झाडं आणि पानं सगळी पिवळी झालेली, मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी मस्त मस्त म्हटलं आणि विषय संपला. पुढच्या खेपेला गाडी थांबवून एका झाडाजवळ गेले तर खोडापाशी छोटी ब्राँझची पाटी, त्यावर एका माणसाचं नाव. पुढच्या झाडापाशी दुसरं नाव. पहिल्या महायुद्धात या भागातून जे सैन्यात गेले त्यांच्यातल्या प्रत्येकासाठी एक झाड आहे ते, ज्या क्रमाने भरती झाली त्याच क्रमाने लावलेलं. साडेतीन हजारांच्या वर झाडं, 22 किलोमीटर रस्ता, आणि ती 1917 ते 1919 मध्ये लावायला पुढाकार घेतला तो लुकस नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या मुलींनी. आणि मी ते 'छान रस्ता' म्हणून पाठवलं होतं! मला खरंच वाईट वाटलं.

फुलांचंही तेच. ऑगस्टमध्ये बेंडिगो गावाकडे जाताना वॅटल नावाचं झाड फुललेलं असतं, पिवळेधमक बारीक गोंडे, हात लावला की बोटाला पूड लागते. यावेळी मात्र मी जागा, तारीख, नाव सगळं लिहून आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "अगं ही तर बाभूळ!" काय चुकली ती? वॅटल बाभळीच्याच गोतातला. पण तिने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली काटे कुठायत, आणि पानं अशी लांबट कशी. मग मी शोधून वाचलं तर ती पानं नव्हेतच, देठच चपटा होऊन पानाचं काम करतो, पाणी कमी लागावं म्हणून. हा गोल्डन वॅटल 1988 पासून इथलं राष्ट्रीय फूल आहे. एका फोटोवरून आम्ही मायलेकी अर्धा तास बोललो.

आणखी एक. मेलबर्नचं प्राणिसंग्रहालय सगळे बघतात, ते ज्या रॉयल पार्कमध्ये आहे तिथेच एक दगडी स्मारक आहे, त्याचा फोटो मी आपल्या कुणाच्या अल्बममध्ये पाहिला नाही. 20 ऑगस्ट 1860 ला बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांची मोहीम खंड ओलांडायला इथून उत्तरेकडे निघाली, त्यांच्याबरोबर कराचीहून आणलेले उंट होते आणि उंट सांभाळायला तिकडचीच माणसं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं! पुढे बलुची, पंजाबी, सिंधी, पठाण सगळ्या उंटवाल्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणायला लागले, 'द घान' ही रेल्वे त्यांच्याच नावाने धावते. तो दगड दिसायला काही खास नाही, पण खाली दोन ओळी असल्या तर आपला वाचक तिथे थांबेल की नाही सांगा.

उलुरूला, म्हणजे खंडाच्या मध्यावरच्या त्या प्रचंड लाल खडकाकडे, जाणाऱ्यांना मात्र एक विनंती. तिथे काही जागांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या, अनंगू लोकांच्या, पवित्र जागा आहेत, तेव्हा तसे फोटो कुणी पाठवले तर तुम्हीही छापू नका. आणि फोटोसाठी रानफुलं तोडू नका हो, असतील तिथेच काढा.

तुमच्याकडे मागणं एवढंच की फोटोबरोबर ठिकाण, महिना आणि दोन ओळींची माहिती मागवा आणि ती छापा. फोटो थोडा धूसर असला तरी चालेल, पाटीवरचं नाव वाचता आलं म्हणजे झालं. सोबत तीन फोटो पाठवतेय, झाडाखालची पाटी, वॅटल आणि रॉयल पार्कमधला दगड. जागा कमी पडली तर एकच छापा, पण त्याच्याखालची ओळ कापू नका.

आपली,
एक वाचक, मेलबर्न