शुद्ध हरपली नाही म्हणून निर्धास्त राहू नये

डोक्याच्या दुखापतींवरील रविवार पुरवणीतील लेख उपयुक्त आहे. मात्र 'जखमी व्यक्ती शुद्धीवर असेल तर काळजीचे कारण नाही' हे त्यातील विधान खटकले. कन्कशनच्या, म्हणजे मार बसल्याने मेंदूच्या कामात येणाऱ्या तात्पुरत्या बिघाडाच्या, बहुतांश घटनांत शुद्ध हरपतच नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, मार कसा लागला हे न आठवणे, साध्या उत्तरालाही वेळ लागणे, उजेड सहन न होणे, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे पाहावी लागतात आणि त्यातली काही कित्येक तासांनी उमटतात.

ऑगस्ट २०१९ मधील लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीत काही आढळले नाही म्हणून तो पुन्हा फलंदाजीला उतरला. दुसऱ्या दिवशी लक्षणे दिसली आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेनला खेळवावे लागले. डॉक्टर हाताशी असताना ही गत! शाळेच्या मैदानावर मात्र 'बरा आहेस ना?' एवढे विचारून मुलाला परत खेळायला धाडले जाते. खेळायची हौस असलेले मूल 'हो' सोडून दुसरे काय म्हणणार? शंका आली तरी त्या दिवशी त्याचा खेळ थांबवावा.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कन्कशन सहसा दिसत नाही, हेही लेखात यायला हवे होते. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके किंवा उठवूनही जाग न येणे यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, अशी ठळक चौकट आपण छापावी.

— एक क्रीडाशिक्षक