टेपसोबत नावेही जपा

मुंबई दूरदर्शनच्या वर्धापनदिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्राविषयीचा त्यातला जिव्हाळा मनापासून पटला. मात्र जुन्या ध्वनिचित्रफितींचा विषय राहून गेला. त्या काळी टेप महाग. एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित केला जाई आणि त्यात सुरुवातीच्या वर्षांतले बरेच काही कायमचे गेले. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या मुलाखतींच्या कार्यक्रमातली दिवंगत साहित्यिकाची मुलाखत आता पुन्हा कोण घेणार?

उरलेल्या फितींचे नुसते डिजिटायझेशन करून भागणार नाही. मुलाखत कोणाची, साल कोणते, निर्मिती कोणाची, ही नोंद प्रत्येक फितीसोबत हवी. गायिकेच्या मागे तबल्याला बसलेला कलाकार कोण, हे सांगू शकणारे निर्माते, कॅमेरामन, संकलक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना वरळीच्या केंद्रात बोलावून एकेक फीत दाखवावी आणि नावे लिहून घ्यावीत. शाल-श्रीफळाच्या सत्काराहून हे काम कितीतरी तातडीचे आहे. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने त्यासाठी पुढच्या वर्धापनदिनाची वाट पाहू नये.

— एक वाचक, दादर, मुंबई