दोन लाख नव्या नोकऱ्यांआधी आमचे बुडालेले पगार द्यायला लावा

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्स धोरण आणि त्यात काम करणाऱ्यांचे थकलेले पगार

महोदय,

स. न. वि. वि.

१६ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स (सिनेमातल्या दृश्यांवर कॉम्प्युटरवर होणारी करामत), गेमिंग आणि कॉमिक्सचं धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींची गुंतवणूक, दोन लाख नोकऱ्या. तेव्हा मी नवी मुंबईत महापेच्या एका स्टुडिओत कामाला होते. आमच्या ग्रुपवर त्या बातमीखाली टाळ्यांचा पाऊस पडला होता, कारण आपल्या कामाला सरकारने उद्योग म्हटलं याचा आम्हाला खरोखर आनंद झाला होता.

आज तो स्टुडिओ बंद आहे. आमचे तीन पगार बुडाले. मालक फोन उचलत नाही. आणि गेल्या आठवड्यात कामगार खात्याच्या एका कार्यालयात मला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्ही कामगार नाही, कन्सल्टंट आहात. वकील गाठा आणि दिवाणी कोर्टात जा." ज्यांच्या नावाने धोरण काढलं, त्यांना त्याच सरकारच्या खिडकीवर ओळख नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण व्हीएफएक्स म्हटलं की लोकांना स्फोट आणि राक्षसच आठवतात. मी पेंट आर्टिस्ट आहे. हिरो गच्चीवरून उडी मारतो तेव्हा त्याच्या कमरेला वायर असते, ती मी पुसते. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटला एकशे वीस. वायर शर्टाच्या चुणीवरून गेली असेल तर ती चुणी नव्याने भरायची, आणि पुढच्या फ्रेमला ती जरा जरी थरथरली तरी शॉट परत येतो. मागे पाऊस असेल तर वायरीखाली झाकलेले थेंबही भरून द्यायचे. शेजारच्या रांगेत रोटोची, म्हणजे कडा कापून आकृती वेगळी करणारी मुलं नटीच्या केसांची एकेक बट मागच्या चित्रापासून सोडवत बसलेली असतात. फाळक्यांनी ११० वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून हलतं चित्र केलं, त्याचं कौतुक प्रत्येक भाषणात होतं. आम्ही तेच करतो साहेब, एकेक फ्रेम.

आता पैसे कसे ठरतात ते ऐका. क्लायंट शॉट देतो तो मॅन-डेवर, म्हणजे एका माणसाला किती दिवस लागतील त्या हिशेबाने. पाच दिवसांचं काम आमचा स्टुडिओ तीन दिवसांत बिड करायचा, नाहीतर काम दुसरीकडे जाणार. उरलेले दोन दिवस आमच्या रात्रींतून निघायचे. मग फीडबॅक : कड हलते आहे, ग्रेन (चित्रातली बारीक रवाळी) जुळत नाही. रेट आधीच ठरलेला, त्यामुळे चौथ्या-पाचव्या व्हर्जनचे पैसे कुणीच देत नाही. ओव्हरटाइमच्या नावाने पिझ्झा यायचा. ट्रान्स-हार्बरची शेवटची ठाणे गाडी चुकली की घणसोलीहून कळव्यापर्यंत रिक्षा, तीही स्वतःच्या पैशाने. याच राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की जादा कामाला दुप्पट दर द्या. रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्या आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडा, हेही त्यातच आहे. दारापर्यंत राहू द्या, मला कुणी कधी स्टेशनपर्यंतसुद्धा सोडलं नाही. आणि तुमच्या नव्या धोरणात या उद्योगाला चोवीस तास चालण्याची मुभा आहे. चोवीस तास तर तो आधीपासूनच चालतो आहे, आमच्या जिवावर!

माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वागळे इस्टेटपासून, ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. मी शाळेत असताना ती कंपनी बंद पडली. घरावर आभाळ कोसळलं. पण मस्टरवर बाबांचं नाव होतं, पीएफचा नंबर होता, गेटवर युनियनचा फलक होता. उशिरा का होईना, हिशेब झाला, ग्रॅच्युइटी हातात आली आणि कळव्याची ही खोली आमची राहिली. दहावी शिकलेल्या टर्नरला जे मिळालं ते पदवी घेऊन, वर लाखभर भरून डिप्लोमा केलेल्या त्याच्या मुलीला मिळत नाही. माझ्याकडे मस्टर नाही, पीएफ नाही. दहा टक्के टीडीएस कापल्याचा दाखला तेवढा आहे. सकाळी दहाला थम्ब मारायचा, रजेला अर्ज करायचा, सुपरवायझरला विचारल्याशिवाय जागचं उठायचं नाही, आणि कागदावर मी स्वतंत्र व्यावसायिक! मुलाच्या शाळेची फी भरायला आईच्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. आईने हातातून काढून दिल्या, एक शब्द न बोलता. तिच्यासमोर मला मान वर करता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत स्वच्छ लिहिलं आहे : कामावरून काढलं, राजीनामा दिला किंवा आस्थापनाच बंद पडली, तर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं. दोन दिवसांत! कामगाराच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम करणारी माणसंही येतात. मग फ्रेम फ्रेम रंगवणारी बाई त्यात का येत नाही, हे मला खिडकीवरच्या साहेबांनी सांगितलं नाही. त्यांनी माझा अर्ज उघडूनसुद्धा पाहिला नाही.

आणि दिल्लीत काय वेगळं आहे? २०२२ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी या क्षेत्रासाठी टास्क फोर्स जाहीर केला. त्याच डिसेंबरात अहवाल आला : जगाच्या बाजारातला पाच टक्के वाटा, वर्षाला १ लाख ६० हजार नव्या नोकऱ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत राष्ट्रीय केंद्र मंजूर झालं, तेव्हा पाच लाख रोजगार. मे २०२५ मध्ये बीकेसीत केंद्राची मनोरंजन उद्योगासाठीची वेव्हज परिषद, जुलैत पेडर रोडला आयआयसीटीच्या, म्हणजे त्याच राष्ट्रीय केंद्राच्या, पहिल्या कॅम्पसचं उद्घाटन. २०२६ च्या अर्थसंकल्पात १५ हजार शाळा आणि ५०० कॉलेजांत लॅब, कारण २०३० पर्यंत वीस लाख माणसं लागणार म्हणे. १ लाख ६० हजार, पाच लाख, दोन लाख, वीस लाख! हे आकडे एका कागदावर मांडून कुणी ताळा केला आहे का?

त्याच वर्षांत आमच्याकडे काय झालं ते सांगते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले आणि तिकडून इथे येणारं काम आटलं. उद्योजकांची संघटना फिक्की आणि सल्लागार कंपनी ईवाय यांच्याच अहवालात आहे की २०२४ मध्ये अ‍ॅनिमेशन-व्हीएफएक्सचा धंदा नऊ टक्क्यांनी घसरून १०,३०० कोटींवर आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी परदेशी कंपनी बसली, बंगळुरू आणि मुंबईतली तीन हजारांवर माणसं एका फटक्यात घरी गेली. त्यातले काही माझ्या ओळखीचे, डोंबिवली-ऐरोलीचे. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी वेव्हजच्या मंचावर सगळे भविष्याबद्दल बोलत होते.

हे नवंही नाही. २०१३ मध्ये 'लाइफ ऑफ पाय' सिनेमाच्या व्हीएफएक्सला ऑस्कर मिळालं तेव्हा ते काम करणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज आधीच दिलेला होता. त्या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. म्हणजे पाश्चात्त्य स्टुडिओला शिंक आली की ताप इथे चढतो, हे सगळ्या देशाला तेव्हापासून ठाऊक आहे. तिकडच्या लोकांनी निदान धडा घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. इथे युनियनचं नाव काढलं तर पुढच्या प्रोजेक्टला फोनच येत नाही.

आणि या धंद्यात तुम्ही शाळेतली मुलं आणणार? आज वागळेत, महापेत पोरांकडून 'ट्रेनिंग डिपॉझिट' घेऊन त्यांनाच सहा-सहा महिने शॉटवर बसवतात. आधी आत बसलेल्यांचं बघा.

माझी मागणी जमिनीची नाही, पार्कची नाही. या धोरणाखाली ज्या स्टुडिओला एक रुपयाचं अनुदान जाईल, त्याने वर्षभर वेळेवर पगार दिल्याचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा द्यावा. रोज हजेरी लावून काम करणाऱ्याला कन्सल्टंट म्हणून दाखवणारे करार तपासावेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या स्टुडिओंची एकदा, न कळवता, रात्री अकरानंतर तपासणी करावी. आणि स्टुडिओ बंद पडला तर त्याच्या मशीन आणि लायसन्स विकून येणाऱ्या पैशावर पहिला हक्क आमच्या पगाराचा असावा.

माझा करारनामा, बँकेचं स्टेटमेंट, टीडीएसचे दाखले, रात्री दोन वाजता आलेले सुपरवायझरचे मेल, सगळं फाइलला लावून ठेवलं आहे. माझ्याबरोबरच्या इतरांचंही आहे. कुठल्या खात्यात, कुणाच्या टेबलावर आणून द्यायचं, तेवढं लेखी कळवा.

आपली,
एक पेंट आर्टिस्ट
कळवा, जि. ठाणे