उंदरांची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स. न.

कुपोषण आणि मेंदू यांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. भुकेल्या उंदराचा मेंदू कायमचा खुजा राहतो असा मथळा, आणि शेवटी अशी मुले शाळेत मागे पडणारच असा निकाल. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. लेखकाने अर्धीच गोष्ट सांगितली, म्हणून लिहिते आहे.

विनिक आणि नोबल या शास्त्रज्ञांचा उंदरांवरचा 1966 चा प्रयोग लेखात आहे, आणि तो खरा आहे. जन्मापासून दूध तुटेपर्यंत पिल्लांना कमी मिळाले तर मेंदूतल्या पेशींची संख्याच कमी राहते, मागाहून कितीही खाऊ घातले तरी ती भरून येत नाही. मोठ्या उंदरांना उपाशी ठेवले तर पेशी नुसत्या बारीक होतात आणि पोटभर मिळाले की सावरतात. पण 1972 साली कॉर्नेल विद्यापीठात लेवित्स्की आणि बार्न्स यांनी केलेले काम लेखात का नाही? उपाशी वाढलेल्या पिल्लांना एकटे ठेवले तेव्हा त्यांच्या वागण्यातले दोष आणखी वाढले. तशाच उपाशी पिल्लांना लहानपणी रोज हाताळले, भोवती काही ना काही घडत ठेवले, तेव्हा त्यातले काही दोष पार नाहीसे झाले. शिवाय उंदराचा मेंदू झपाट्याने वाढतो तो जन्मानंतर तीन आठवडे, गिनीपिगचा आईच्या पोटातच, आणि माणसाचा गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंत. उंदराचे दिवस मोजून आपल्या मुलांचे भविष्य सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ बहात्तरच्या दुष्काळातला. आमचे गाव सांगोल्याकडचे. तो पोटात असताना आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी. कामावर सुकडी मिळायची, ती आई स्वतः न खाता पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. नंतर आम्ही सोलापुरात आलो. गिरणीचा भोंगा झाला की हा कान झाकून चौकटीला धरून थरथरायचा आणि मग तासभर अंगणात उतरायचा नाही. दुसरीत बाईंनी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मंद आहे' असे लिहिले आणि त्याला शेवटच्या बाकावर बसवले. वडिलांना वाचता येत नव्हते, त्यांनी ते माझ्या हातात दिले. मी 'हुशार आहे' असे वाचून दाखवले.

आजीने त्याला एकटे सोडले नाही. भोंग्याची वेळ झाली की मांडीवर घ्यायची, "आता वरडंल बघ" म्हणायची, आणि भोंगा झाला की दोघे मिळून त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचे. नळावर, बाजारात, गड्ड्याच्या जत्रेत, जाईल तिथे तो तिच्या कडेवर, आणि तिची बडबड अखंड चालू. जास्तीचे अन्न आमच्याकडे नव्हतेच. तो पुढे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, झाला. कोणत्या मागाचा धोटा अडतोय ते आजही नुसत्या आवाजावरून सांगतो. एका भावावरून शास्त्र ठरत नाही हे मला कळते. पण तुमचा लेख वाचून एखाद्या शिक्षिकेने आणखी एका पोराला शेवटच्या बाकावर बसवले तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत एका खोलीत चाळीसेक मुले असतात. सेविकेचा निम्मा वेळ मोबाईलवर वजन-उंची भरण्यात जातो. ती बिचारी मुलांशी बोलणार कधी? आहाराची पाकिटे मुलांना आवडत नाहीत आणि शेजारच्या शेळीपुढे जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. यावर एक तरी बातमी द्या.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत फासळ्या दिसणाऱ्या मुलाचा चेहरा स्पष्ट ओळखू येतो. तो छापायला त्याच्या आईला कोणी विचारले होते का, ते कृपया कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर