चार टॅब हवेत, आणि त्यांच्यावर बसवायची जाळीसुद्धा

सप्रेम नमस्कार.

समस्त ग्रामस्थ आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेले आपले माजी विद्यार्थी यांस,

आपल्या जिल्हा परिषद शाळेत यंदा चार दिव्यांग मुलं आहेत. दोघांना सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही), एका मुलीला फार कमी दिसतं आणि एकाला ऐकू सगळं येतं, पण बोलता येत नाही. या चौघांसाठी टॅब घ्यायचं शाळा व्यवस्थापन समितीने ठरवलं आहे.

‘भिंतीवर एवढा मोठा टचस्क्रीन बसवलाय, मग हे कशाला?’ असं पारावर विचारून झालंच आहे. तो पडदा उभं राहणाऱ्यांसाठी आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या मुलाचा हात त्याच्या खालच्या कडेपर्यंतच पोचतो.

पण नुसता टॅब हातात देऊनही भागत नाही. सेरेब्रल पाल्सीत हात मनासारखा वळत नाही. बोट चित्रावर न्यायला जावं तर आधी तळहात टेकतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. दोन-तीनदा असं झालं की पोर टॅब ढकलून देतं. यावर उपाय म्हणजे पडद्यावर बसणारी, चौकोनी भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाळी. हात जाळीवर विसावतो, बोट तेवढं भोकात जातं. तालुक्याच्या लेझर कटिंगवाल्याकडून ती मापानुसार कापून घेता येते. सोबत न हलणारा स्टँड आणि आपटला तरी टिकेल असं कव्हर लागेलच. आमच्या मते टॅबपेक्षा हेच सामान महत्त्वाचं.

कमी दिसणाऱ्या मुलीला अक्षर मोठं करून, काळ्यावर पिवळं किंवा पांढरं करून धडा वाचता येईल. न बोलणाऱ्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप आहे. चित्राला हात लावला की त्या चित्राचा शब्द ऐकू येतो. काही अ‍ॅपमध्ये आपले फोटो आणि आपला आवाजही भरता येतो. म्हणून पैशांइतकंच एक वेगळं मागणं आहे: सातवीच्या मुलांनी ‘भाकरी’, ‘मला बाहेर जायचंय’, ‘माझी पेन्सिल दे’ असे शब्द आपल्या बोलीत रेकॉर्ड करून द्यावेत. नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडी बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज का असावा?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार या मुलांना इतरांबरोबर शिकायचा आणि त्यासाठी लागणारी मदत मिळायचा हक्क आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव असतो. त्यातून ३०,००० रुपये ग्रामसभेत मंजूर झाले. एकूण खर्च अंदाजे ८०,००० आहे, म्हणजे ५०,००० उभे करायचे आहेत.

पाचशे द्या, शंभर द्या, पावती मिळेल. रक्कम समितीच्या बँक खात्यावरच जमा करावी, कुणाच्याही खासगी मोबाइल नंबरवर पाठवू नये. खाते क्रमांक शाळेच्या फलकावर लावला आहे. वापरलेला टॅबही चालेल, पण पडदा किमान दहा इंची हवा आणि बॅटरी फुगलेली नको. गेल्या वेळी ‘डिजिटल शाळे’साठी आलेले बंद मोबाइल अजून कपाटात पडून आहेत.

गावातल्या कुणी शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर येऊन मुलांचा सराव घेतला, तर विशेष शिक्षक बाईंवरचा भार हलका होईल. त्यांच्याकडे अनेक शाळा असल्याने त्या रोज येऊ शकत नाहीत. नाव मुख्याध्यापकांकडे नोंदवावं. सगळ्या खर्चाचा हिशोब पुढच्या पालक सभेत वाचून दाखवू.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती