बोनहॉफर आडनावाचा माग काढून देणाऱ्या जर्मनीतल्या आत्यांना

ती. स्व. आत्यांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर म्हणालात, "आभार कसले मानतेस गं, निवृत्त बाई मी, मला तेवढाच विरंगुळा झाला." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. म्हणजे तुम्हाला मला मधेच गप्प करता येणार नाही. आपलं नातं सांगायला गेलं तर ऐकणारा गोंधळतो. माझ्या चुलत जावेच्या तुम्ही आत्या, आणि आपली गाठ पडली ती एका लग्नाच्या पंगतीत. तेवढ्या ओळखीच्या बळावर मी तुम्हाला एका परक्या घराण्याच्या आडनावाबद्दल विचारलं. "मला काय करायचंय" असं न म्हणता तुम्ही गाडी पकडून दुसऱ्या गावाला गेलात.

वाचणाऱ्यांना मागचं थोडं सांगायला हवं. मी वर्ध्याला शाळेत इतिहास शिकवते. आमच्या मुलांनी यंदाच्या हस्तलिखितासाठी 'गांधीजींना पत्र लिहिणारी परदेशी माणसं' असा विषय घेतला. फ्रेंच लेखक रोमां रोलां वगैरे मंडळी होतीच, त्यांत डीट्रिख बोनहॉफर हा जर्मन पाद्री आला. १९३४ साली तो लंडनमधल्या जर्मनांच्या चर्चचं काम बघत होता. घरी हिटलरची राजवट पक्की होत चाललेली. अशा सत्तेपुढे कसं उभं राहायचं हे गांधीजींकडून शिकावं म्हणून त्याला आश्रमात येऊन राहायचं होतं. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्यालाच. १ नोव्हेंबर १९३४ च्या उत्तरात त्यांनी अगदी रोखठोक कळवलं, की जाण्यायेण्याचं भाडं आणि इथला माणशी दरमहा शंभर रुपये खर्च झेपत असेल तर कधीही या. लवकर आलात तर इथली थंडी मिळेल. (वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना या सल्ल्याची किंमत कळेल.) तो काही आला नाही. पुढच्याच वर्षी फिंकनवाल्डेला, हिटलरच्या दावणीला न बांधलेल्या चर्चच्या उमेदवारांना शिकवायचं काम अंगावर आलं. मग हिटलरविरुद्धचा कट, तुरुंग आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत फाशी.

आमच्या मुलांचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच. "बाई, हे आडनाव कसलं? राजघराण्यातला होता का?" आडनाव ऐकलं की गाव, घराणं आणि बाकी सगळं काढायची आपल्याकडची खोड सातवीतच लागलेली असते. मुलांना "नंतर सांगते" म्हणाले आणि रात्री तुम्हाला फोन लावला.

तुमचं पहिलं वाक्य होतं, "बरं झालं म्युलर नाही ते." मला तेव्हा त्याचा उलगडा झाला नव्हता. मग तुम्ही म्युलरांचं सगळं प्रकरण ऐकवलंत. म्युलर म्हणजे गिरणीवाला. प्रत्येक गावाला गिरणी आणि प्रत्येक गिरणीला एक म्युलर, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी आपापलं उगवलं. २००५ च्या टेलिफोन नोंदींवरून जर्मन अभ्यासकांनी आडनावांचा मोठा नकाशासंग्रह केला, त्यात म्युलर अडीच लाखांहून जास्त जोडण्यांवर सापडतात. त्यांतल्या कुठल्याही दोघांचं काही नातं असेलच असं नाही. पण त्याच नोंदींत एकूण वेगवेगळी आडनावं साडेआठ लाखांच्या घरात आहेत, आणि त्यांतली कितीतरी जेमतेम एखाद-दुसऱ्या घरात. आपल्या महाराष्ट्रात आडनावांचं पीक फार आहे असं मला वाटायचं. या आकड्यानं तो अभिमान जरा उतरला.

"दुर्मीळ आडनावाचा एक फायदा असतो," तुम्ही म्हणालात, "त्याचा माग काढत गेलं तर वाट बहुधा एकाच दारात जाते." बोनहॉफरांचं ते दार कुठलं, हे तुम्हीच शोधून दिलंत.

त्याआधी तुम्ही मला शोधायचं कसं ते शिकवलंत, आणि खरं तर जास्त उपयोग त्याचाच झाला. जर्मन ओ-वरच्या दोन टिंबांचं (ö) तुम्ही सांगितलेलं मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. जुन्या हस्ताक्षरात ओच्या डोक्यावर बारीकसा ई लिहीत, त्याची झिजून दोन टिंबं झाली. काही घराण्यांनी मात्र ओ आणि ई शेजारी शेजारीच ठेवले, जसं कवी ग्योटंनं (Goethe) ठेवलं, तसंच बोनहॉफरांनीही (Bonhoeffer). त्यामुळे नाव दोन्ही तऱ्हांनी शोधायचं. शिवाय फ एक की दोन, यावरही जुन्या कागदांत कुणाचा काही पायपोस नसतो. साऱ्या जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८७६ पासूनची. त्याच्या आधी पाद्री जसं ऐकेल तसं चर्चच्या वहीत लिहायचा, आणि एकाच माणसाचं नाव बारशाला एक, लग्नात दुसरं. गावाचंही तसंच. आज ज्याला श्वेबिश हाल म्हणतात ते जुन्या कागदांत नुसतं 'हाल' असतं. 'श्वेबिश' हा शब्द अधिकृतपणे चिकटला १९३४ मध्ये. "झाले (Saale) नावाच्या नदीवरचं हाले वेगळं, तिरोलमधलं हाल वेगळं, भलत्या गावात शिरू नकोस," हा तुमचा दम अजून कानात आहे.

आता ते दार. श्वेबिश हाल हे कोखर नदीकाठचं, मिठावर श्रीमंत झालेलं गाव. पूर्वी ते कुणा राजाचं नव्हतं, थेट सम्राटाखालचं स्वतंत्र नगर होतं. १५१३ मध्ये तिथे नेदरलँड्समधल्या नायमेखेनहून एक घराणं येऊन राहिलं. त्यांचं आडनाव फान डेन बोनहोफ, धंदा सोनारकीचा. म्हणजे ज्या घराण्याला आपण चारशे वर्षांनी अस्सल जर्मन म्हणून ओळखतो, ते मुळात बाहेरून आलेलं. मुलांना हे फार आवडलं. हिटलरला ज्या घरानं इतका विरोध केला ते घर 'शुद्ध जर्मन रक्ता'च्या गप्पांना जन्मतःच खोटं पाडतंय, असं एक मुलगी म्हणाली. मी तिला म्हटलं, हे वाक्य हस्तलिखितात तुझ्या नावानं घाल.

आडनावाचा अर्थ तुम्ही इतका सहज सांगितलात की मला हसू आलं. बोन म्हणजे शेंगेतला दाणा, होफ म्हणजे वाडी. बाकल्याची वाडी म्हणायचं. (बाकलाच. राजमा-घेवड्याची जात कोलंबसानंतर अमेरिकेतून आली, आणि हे आडनाव त्याच्या आधीचं.) नेदरलँड्समध्ये 'फान डेन' लावून त्या वाडीचा म्हणत. दक्षिण जर्मनीत आल्यावर पुढच्या पिढ्यांत पुढचं 'फान डेन' गळालं, मागे 'अर' लागला, आणि 'अर' लागल्यावर होफचा स्वर बदलून हॉफर झाला. आपल्याकडे गावाच्या नावाला 'कर' लागतो तसाच हा 'अर'. बोनहॉफर म्हणजे शेंगवाडीकर! वर्गात हे सांगितलं आणि राजघराण्याचा प्रश्न तिथेच मिटला. मागच्या बाकावरच्या एका वाडीकरानं कॉलर ताठ केली ती वेगळीच.

मग तुम्ही त्या गावाला जाऊन आलात. सांक्ट मिखाएलच्या चर्चसमोर पन्नासहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, त्या तुम्ही गुडघ्यांची तक्रार न करता चढलात. (म्हणजे फोनवर केली नाहीत. जावेकडून कळलं.) तिथे त्या घराण्यातल्या एका बाईचं जुनं चित्र आहे, गावातले लोक तिला 'सुंदर बोनहॉफरीण' म्हणतात. डीट्रिखच्या आईवडिलांच्या घरी या चित्राची नक्कल लावलेली असायची. आणि त्यांचं घराण्याचं चिन्ह तुम्ही मला वहीच्या पानावर काढून त्याचा फोटो पाठवलात: निळी पार्श्वभूमी, मागच्या पायांवर उभा सिंह, आणि त्याच्या पंज्यात तलवार नाही, काठी नाही, शेंगेचा वेल. तुम्ही वेलीला पानं तीन-तीन काढलीत आणि खाली टीप लिहिलीत, "पानं माझ्या मनाची आहेत, मोजू नकोस." सिंहाला तुम्ही मिशाही दिल्यात. ते चित्र आता हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर आहे, मिशांसकट.

हालमध्ये सोनारांचे पुढे पाद्री, वैद्य, वकील, नगरसभेतले मानकरी झाले. डीट्रिखचे आजोबा फ्रीडरिख उल्मच्या न्यायालयाचे अध्यक्ष होते. आजी युलिए टाफेल तर अशी, की १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारून नाझी स्वयंसेवक दारात उभे असताना, नव्वदी ओलांडलेली ही बाई त्यांच्यातून सरळ चालत बर्लिनच्या मोठ्या दुकानात शिरली. तिचं आडनाव माहेरचं वेगळं, पण मुलांनी एकमतानं तिला मुख्य बोनहॉफर ठरवलं आहे. वडील कार्ल बर्लिनमधले नामांकित मनोविकारतज्ज्ञ. थोरला भाऊ कार्ल-फ्रीडरिख रसायनशास्त्रज्ञ. हायड्रोजनचे ऑर्थो आणि पॅरा असे दोन प्रकार वेगळे दाखवणाऱ्यांत तो होता.

हे आडनाव इतकं कमी का दिसतं, याचं तुम्ही दिलेलं उत्तर मला सगळ्यांत जास्त लागलं. तुम्ही मला एका कागदावर आठ भावंडं लिहायला लावलीत. चार भाऊ, चार बहिणी. जर्मन कायद्यानुसार लग्नानंतर बायकोनं नवऱ्याचं आडनाव लावायचं हे बंधन १९७६ पर्यंत होतं. त्यानंतरही जोडप्याचं एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच नाव चालायचं, ते घटना-न्यायालयानं १९९१ मध्ये रद्द केलं. तेव्हा उर्झुला झाली श्लायखर, क्रिस्टीने फॉन दोनानी, डीट्रिखची जुळी बहीण सबिने लाइबहोल्त्स, धाकटी सुझाने ड्रेस. चार बहिणी, चार आडनावं. भावांपैकी वाल्टर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात गेला. डीट्रिखला फाशी झाली तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं, झालेलं नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये क्लाउसला बर्लिनमध्ये गोळी घातली, आणि श्लायखर, दोनानी हे दोन जावईही त्याच महिन्यात मारले गेले. चार भावांत युद्धानंतर जिवंत राहिला तो एकटा कार्ल-फ्रीडरिख. त्याच्या आणि क्लाउसच्या मुलांनी या शाखेत आडनाव पुढे नेलं.

तुम्ही म्हणालात, "आडनाव मोजशील तर अर्धं घर सुटेल." पुढे हॅम्बुर्गचा महापौर झालेला क्लाउस फॉन दोनानी आणि त्याचा भाऊ, वाद्यवृंदाचा संचालक क्रिस्टोफ, हे दोघेही क्रिस्टीनेची मुलं, म्हणजे बोनहॉफरांचे भाचे. टेलिफोनच्या नकाशावर हे कुठेच दिसायचे नाहीत. या एका वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे, कारण मी स्वतः आमच्या घराण्याची वंशावळ बघताना नेमकं हेच बघते: मुलीच्या नावापाशी रेघ थांबते. आमच्या वंशावळीत तर कितीक ठिकाणी मुलीचं नावही नाही, नुसतं 'कन्या' लिहिलंय.

आणि एक गंमत तुमच्याशिवाय मला कुणी सांगितली नसती. आज जर्मनीत कुठल्याही बऱ्याशा गावात गेलं तर बोनहॉफर नाव दिसतंच. रस्त्याला, शाळेला, चर्चच्या सभागृहाला. घरांच्या दारांवर मात्र क्वचित. तुमच्या गल्लीजवळच्या रस्त्यालाही तेच नाव, आणि कुरिअरवाल्याला पत्ता सांगताना तुम्ही ते आयुष्यभर उच्चारत आलात. त्यातली बाकल्याची वाडी तुम्हालाही या निमित्तानंच दिसली, असं तुम्ही कबूल केलंत. तेव्हा थोडे आभार तुम्ही आमच्या सातवीचेही माना.

बाकी कामाचं: हस्तलिखिताच्या रंगीत प्रती काढायला दिल्या आहेत. तुमच्या भाचीचा दीर पुढच्या महिन्यात श्टुटगार्टला येतोय, त्याच्याबरोबर एक प्रत आणि गोरसपाकाचे दोन डबे पाठवते. एक डबा तुमचा, दुसरा त्या चर्चमधल्या बाईंना द्या, ज्यांनी तुमच्यासाठी बंद व्हायची वेळ झाल्यावरही दार उघडं ठेवलं. मुलांनी त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहिली आहे, तिचं जर्मन तेवढं तुम्ही करून द्या. आणि गुडघ्यांना तेल लावताय ना, ते कळवा.

तुमची,
भाचीची वर्ध्याची जाऊ