उद्योजक होण्याची इच्छा आणि घरचे मत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

बीबीए आणि एमकॉम करणारी मुले दरवर्षी प्रकल्पाच्या प्रश्नावल्या घेऊन माझ्याकडे येतात. मी डिचोलीत उच्च माध्यमिकला वाणिज्य शिकवले. आता निवृत्त आहे, पण ही ये-जा थांबलेली नाही. प्रकल्पाचा विषय बहुतेक वेळा एकच असतो: तरुणांना उद्योजक व्हावेसे कशामुळे वाटते? यंदा एका विद्यार्थिनीने भरून आणलेला गठ्ठा मी सवडीने वाचला, त्यावरून हे पत्र.

या प्रश्नावल्यांच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांचा सिद्धान्त असतो. १९९१ सालच्या त्यांच्या लेखात तो सविस्तर आला आहे. माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो ते तीन कारणांनी. ती त्याला भावते का, जवळच्या माणसांना ती पसंत आहे का, आणि ती आपल्याला जमेल असा त्याला भरवसा आहे का. उद्योजकतेवरच्या कितीतरी अभ्यासांत आवड आणि भरवसा ही दोन कारणे ठळक दिसतात, जवळच्यांचे मत मात्र फिके पडते. क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००० साली त्याचा परिणाम आढळलाच नाही. म्हणून आमची मुले निष्कर्षात बिनधास्त लिहितात, 'कुटुंबाचा प्रभाव नगण्य.'

मला हे पटत नाही. आणि संशोधनही तिथे थांबलेले नाही. लिन्यान आणि चेन यांनी स्पेन व तैवानमधल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात घरच्यांचे मत इच्छेवर थेट परिणाम करताना दिसले नाही, पण आवड आणि भरवसा या दोन्हींवर त्याचा परिणाम होता. म्हणजे आई-वडिलांचे बोलणे मुलाच्या मनात इतके मुरलेले असते की प्रश्नावली हातात पडेपर्यंत ते त्याचे स्वतःचे मत झालेले असते.

आमच्या शेजारच्या मुलीने तिचा कागद माझ्या ओट्यावर बसूनच भरला. तिची आई भिरंडीची, म्हणजे कोकमाची, सोलां (सुकवलेल्या साली) आणि आगळ (खारवलेला रस) करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकते. मुलगी लहानपणापासून तिच्यासोबत बसते. सालींना रसाची पुटे किती द्यायची, वळवाचा पाऊस येण्याआधी माल कसा आवरायचा, दुकानदार भाव पाडायला लागला की पिशवी परत कधी ओढून घ्यायची, हे सगळे तिला येते. 'व्यवसाय चालवणे मला जमेल' यापुढे तिने सातपैकी दोनवर खूण केली. मी विचारले तर म्हणाली, "टीचर, तो काय व्यवसाय? ते आईचे काम." घरात त्या कामाला कोणी कधी धंदा म्हटलेलेच नाही, मग तिला तरी तसे कसे वाटणार? त्याच गठ्ठ्यात एका मुलाने इच्छेच्या प्रत्येक प्रश्नाला सात दिले होते, आणि पुढच्या वर्षीचा बेत काय, तर एलडीसीच्या, म्हणजे सरकारी कारकुनाच्या, परीक्षेची तयारी.

शापेरो आणि सोकोल यांनी १९८२ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली होती. आयुष्याची बसलेली घडी विस्कटली की माणूस धंद्याकडे वळतो. आमच्या खाणपट्ट्याइतकी घडी कुणाची विस्कटली असेल? २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा जेमतेम सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. काहींनी गॅरेज टाकले, काही बायकांनी डबे सुरू केले. पण ज्या घरांनी खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतले आणि ते दारात गंजताना पाहिले, तिथल्या मुलांना 'धंदा' म्हटले की बँकेची नोटीस आठवते. धक्का माणसाला पुढे ढकलतो तसा आयुष्यभराची धास्तीही देतो. ही धास्ती मोजणारा प्रश्न मला कोणत्याही प्रश्नावलीत सापडला नाही.

घरचे मत किती वजनदार असते हे २०२४ च्या अखेरीस साऱ्या गोव्याने पाहिले. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे एकामागोमाग बाहेर आली. दागिने विकून नोकरीसाठी पैसे उभे करणाऱ्या घरात मुलीने सोलां सुकवायच्या यंत्रासाठी पन्नास हजार मागितले तर काय उत्तर मिळेल, हे सांगायला नको.

उद्योजकतेची एक दिवसाची व्याख्याने याला उपाय नाहीत. जमेल हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पाहिल्याने, असे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अर्थात नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला दिली तेव्हा उद्योजक होण्याची इच्छा उलट कमी झाली, असा २०१० सालचा एक अभ्यास आहे. मला त्यात अपयश दिसत नाही. आपला पिंड धंद्याचा नाही हे कर्ज काढण्याआधी कळले तर त्या मुलाचे आणि त्याच्या घराचे भलेच झाले.

मुख्यमंत्री रोजगार योजनेखाली ईडीसी या राज्य सरकारच्या वित्तसंस्थेकडून कर्ज मिळते, ही सोय चांगलीच आहे. पण कर्जाच्या अर्जापर्यंत येणारा मुलगा घरातून सुटून आलेला असतो. न सुटलेल्यांसाठी शाळांनी अकरावीपासून मुलांना खरा माल घेऊन खऱ्या बाजारात बसवावे, हिशेब लिहून घ्यावा आणि तो पालकसभेत आई-वडिलांसमोर मुलांनाच वाचायला लावावा. महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. प्रश्नावल्या भरणाऱ्यांची संमती घेऊन त्यांचे पत्ते जपून ठेवावेत आणि पाच वर्षांनी नव्या विद्यार्थ्यांना त्याच दारांवर पाठवावे. इच्छा तर आपण दरवर्षी मोजतो. त्या इच्छेचे पुढे काय झाले, हा प्रकल्प अजून माझ्याकडे कोणी घेऊन आलेले नाही.

आपली,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षिका,
डिचोली, गोवा